ओव्हरलॉक नसताना झबल्याच्या आतल्या कडा कशा बंद करायच्या?

नवी_शिवणकरीण: भाचीच्या बारशासाठी आजीच्या जुन्या नऊवारीची झबली शिवतेय. मशीन पायाचं, सरळ शिलाईपलीकडे काही येत नाही त्याला. आतून धागे सुटतात. हाताने कडा गुंडाळून टाके घातले तर काखेत गाठोडं होतं. गळ्याच्या पट्टीलाही चुण्या पडतायत.

उरेब_काकू: सरळ शिलाईवर फ्रेंच शिवण छान होते गं. सुलट बाजू बाहेर ठेवून अर्ध्या सेंटिमीटरवर पहिली शिलाई मार. माया, म्हणजे शिलाईबाहेरचं जादा कापड, कातरून 3 मिलिमीटर ठेव. इथे कंटाळा केलास की सुलट बाजूला धाग्यांच्या मिशा फुटल्याच म्हणून समज. मग उलटव, इस्त्री फिरव आणि आतून 7 मिलिमीटरवर दुसरी शिलाई. कच्ची कडा आत कोंडली जाते. म्हणून बेततानाच सव्वा सेंटिमीटर माया धर.

गळ्याची पट्टी उभी कापली असणार, नाहीतर चुण्या कशाला पडतील? 45 अंशात उरेब म्हणजे तिरकी काप, 3 सेंटिमीटर रुंद. लावताना पट्टी जराशी ताणायची, गळ्याला मात्र ओढ द्यायची नाही. सुई 9 किंवा 11 नंबरची घे. जुन्या लुगड्याला 14 नंबर म्हणजे चाळणच. आणि कापण्याआधी साडी उजेडात धरून बघ. बसण्याचा भाग विरलेला असतो, तो सोडून दे.

चहा_आणि_कात्री: एवढं कशाला? नागमोडी कात्रीने कडा कापली की झालं!

उरेब_काकू: पॉपलीनला चालेल. हे कापड दोन-चार धुण्यांत त्या कात्रीला जुमानणार नाही.

सोलापूरकर_आई: आम्ही पहिला महिनाभर झबलं उलटंच घालायचो, शिवणी बाहेर. पाहुणे नावं ठेवायचे, ठेवोत बापडे. टिचबटणं टाळ, विरल्या कापडातून उपटून येतात. आखूड बंद लाव, तेही कुशीला. पाठीवर गाठ रुतते, गळ्याशी तर बंद नकोच.

नवी_शिवणकरीण: पट्टी उभीच कापली होती! आता खणाच्या कुंचीचं सांगा. तिलाही फ्रेंच शिवण?

उरेब_काकू: नको, फार जाड होईल, शिवाय जरीचा काठ बाळाच्या गालाला घासेल. मलमलीचं अस्तर लाव. खण आणि अस्तर सुलट बाजू समोरासमोर ठेवून कडेने शिव, उलटवायला चार बोटं जागा सोड, ती शेवटी हाताने तुरपून टाक. मलमल मात्र आधी भिजवून वाळव. नंतर आटली तर खणाला फुगे येतील.