साहस, दुःसाहस आणि जोखीम

शब्दवेडी: पावसाळ्यात कुणी कड्यावर अडकलं की एकाच बातमीत 'साहसी ट्रेकर' असतं आणि 'दुःसाहस अंगलट'ही असतं. धडधाकट परतला तर साहस, नाहीतर दुःसाहस, एवढाच फरक का?

पोथीवाला: 'साहस' मुळात कौतुकाचा शब्दच नव्हे. सहस् म्हणजे बळ. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मालकाच्या देखत बळजबरीने केलं ते साहस, पाठीमागे केलं ती चोरी. दंडाच्या पायऱ्यासुद्धा पूर्व, मध्यम आणि उत्तम साहसदंड! दुसऱ्याला झळ लागणं शब्दातच होतं. 'दुः' आपण नंतर चिकटवला, कारण मूळ शब्द धुऊन स्वच्छ केला.

दोरखंड: रेस्क्यूला जातो म्हणून लिहितोय. फोन आल्यावर यातला एकही शब्द आमच्या तोंडी नसतो. कुठे अडकलेत, किती जण, कुणाला लागलंय का, मोबाइलला चार्जिंग किती? शहाणपण शिकवायचं ते वर आणल्यावर. आणि वर आणणं म्हणजे नुसता दोर टाकणं नव्हे. चिखलाच्या वाटेवर स्ट्रेचर उचलायला माणसं आलटूनपालटून लागतात. त्यातली निम्मी पायथ्याच्या गावातली, सकाळी शेतावर जाणारी. त्यांच्या धाडसाला बातमीत विशेषण नसतं.

घाटपायथा: मला 'जोखीम' जास्त पटतो. आजी दागिने घालून एसटीत बसली की म्हणायची, "अंगावर जोखीम आहे." म्हणजे नुसता धोका नव्हे, सांभाळायची वस्तू. हल्ली आपण जोखीम 'घेतो', पूर्वी ती 'पत्करत' असत. पत्करण्यात जबाबदारी येते. जानेवारी 2018 मध्ये केटू शिखराची हिवाळी मोहीम सोडून गिर्यारोहक अ‍ॅडम बिएलेत्स्की आणि डेनिस उरुब्को रातोरात नंगा पर्बतावर चढले, तिथे अडकलेल्या एलिझाबेथ रेवोलला खाली घेऊन आले. तिचा जोडीदार तोमेक मात्स्कीएविच आणखी वर होता. हवामान बिघडत होतं, त्याच्यासाठी ते चढले नाहीत. याला भ्याडपणा म्हणणाऱ्याने आधी तिथे जावं.

शब्दवेडी: मग 'सुटका' आणि 'बचाव' यांत फरक करता का?

दोरखंड: नाही हो, दोन्ही पेपरातले. आम्ही फक्त रेस्क्यू आणि बॉडी काढणं यात फरक करतो. बॉडी काढायला शक्यतो रात्री कड्यात कुणाला उतरवू नये, उजाडायची वाट बघावी. नातेवाईक खाली थांबलेले असतात, त्यांना हे सांगायला मात्र मराठीत शब्द सापडत नाही.