चर्चमध्ये वाढले, तरी स्वतःची किंमत शून्य वाटते

सावेडीची_लेक
जय ख्रिस्त सगळ्यांना. लहानपणापासून शब्बाथ शाळा, तरुण संघ, क्वायर सगळं केलंय. मागच्या वर्षी जॉब गेला, तेव्हापासून नगरला आईवडिलांकडेच आहे, स्थळं येतात तीही 'कळवतो' म्हणून गप्प होतात. रविवारी साक्ष द्यायला जो उभा राहतो तो म्हणतो देवाने मला प्रमोशन दिलं, फ्लॅट दिला, व्हिसा दिला, आणि मी बाकावर बसून विचार करते की मग माझ्यातच काय कमी आहे. त्यात पापकबुलीत म्हणायचं की आम्ही लायक नाही आणि लगेच संदेशात ऐकायचं की तू देवाला मौल्यवान आहेस, हे दोन्ही एकत्र धरायचं कसं? प्लीज नुसतं 'प्रार्थना कर' म्हणू नका, ती चालूच आहे.

केडगावची_मावशी
बाळा, बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा १९ वा अध्याय परत एकदा सावकाश वाच. झाडावर चढून बसलेल्या जक्कय नावाच्या जकातदाराला येशू झाडाखाली उभं राहून नावाने हाक मारतो, आज तुझ्या घरी उतरणार म्हणतो, आणि तोवर जक्कयाने कुणाचा एक पैसाही परत केलेला नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना, लुबाडलेलं चौपट परत, हे सगळं नंतर. त्याने लोकांना लुटलं होतं हे खरंच होतं, पापकबुली अशा गोष्टींबद्दल असते, आपण काय केलं त्याबद्दल. लायक नाही म्हणतो म्हणजे हे प्रेम मी कमावलेलं नाही, आणि जे कमावलंच नाही ते जॉब गेला म्हणून जाईल कसं?
आणि मत्तयाच्या शुभवर्तमानात दमडीला दोन चिमण्या आहेत, लूकात दोन दमड्यांना पाच. हिशोब कर, पाचवी फुकट, वरताळा म्हणून टाकलेली. देवाला तिचाही विसर पडत नाही असं प्रभू म्हणतो.
मी दौंडजवळच्या केडगावची, म्हणून हेही सांगते. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आणलेल्या मुली होत्या, बालविधवा होत्या, ज्यांना घरच्यांनी पांढऱ्या पायाची म्हणून टाकलं होतं. रमाबाईंनी त्यांना तू मौल्यवान आहेस एवढं सांगून सोडलं नाही, छापखान्यात खिळे जुळवायला शिकवलं, आणि रमाबाईंनी स्वतः मराठीत केलेलं बायबल तिथल्याच बायकांनी छापलं. मला हे फार मोठं वाटतं.

पणतू_नगरचा
मावशींशी सहमत. अमेरिकन मराठी मिशन १८३१ ला नगरला आलं, आमचे पणजोबा पुढे महारवाड्यातून विश्वासात आले, आणि घरात त्यांची जी आठवण सांगतात त्यात पैसा नोकरी काही नाही, प्रभुभोजनाला सगळ्यांच्या ओळीत बसायला मिळालं एवढंच सांगतात. नंतर मंडळीतूनही जात पूर्ण गेली नाही, लग्न जमवताना आजही दिसते, हे मान्य करायलाच पाहिजे. म्हणून स्थळवाले काय म्हणतात त्यावरून देवाचं मत ठरवू नकोस. आणि साक्षीत फक्त मिळालेल्या गोष्टीच मोजायच्या ही सवय आपल्या मंडळ्यांनी खरंच सोडली पाहिजे, पाळकसाहेबांशी यावर बोलायला हरकत नाही.

नाईट_ड्यूटी
मी नर्स आहे. बायबलच्या जुन्या करारात १ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून म्हणतो आता पुरे, माझा जीव घे, मी माझ्या वाडवडिलांपेक्षा काही चांगला नाही. आदल्याच अध्यायात कर्मेल डोंगरावर त्याचा एवढा मोठा विजय झालेला! देवदूत त्याला लेक्चर देत नाही, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई देतो, तो खाऊन परत झोपतो, मग पुन्हा उठवून खायला देतो. 'तू इथे काय करतोस' हा प्रश्न देव पुढे होरेब डोंगरावर विचारतो, पोटात अन्न गेल्यावर. तुझी झोप, जेवण कसं आहे? बरेच दिवस बिघडलेलं असेल तर डॉक्टरांना दाखव, आणि जगू नये असं वाटलं तर थांबू नकोस, टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लाव, मराठीत बोलता येतं.

सावेडीची_लेक
सगळ्यांचे खूप आभार, जक्कयाचा तो क्रम माझ्या कधी लक्षातच आला नव्हता. झोप नाही लागत हे खरं आहे, पहाटे तीनलाच जाग येते. पण आई म्हणते मनाच्या डॉक्टरकडे जाणं म्हणजे विश्वास कमी पडला.

नाईट_ड्यूटी
आईंना सोबतच घेऊन जा. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता, प्रेषित पौल त्याला पत्रात 'प्रिय वैद्य' म्हणतो, कलस्सै ४:१४, हे त्यांना जाण्याआधी वाचून दाखव. सिव्हिल हॉस्पिटलच्या ओपीडीत मानसोपचार विभाग असतो, सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढायचा, आणि पहाटे तीनला जाग येते हे डॉक्टरांना नक्की सांग.