"बिल वेळेवर टाका, पैसे वेळेवर येतील" हे साफ चूक आहे

रात्रपाळी
काल एकाने इथे लिहिलं, "रोख अडते ती ग्राहकामुळे नाही, तुमच्या आळसामुळे. बिल वेळेवर टाका, पैसे वेळेवर येतील." वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय. माझी पाच जणांची टीम, यंत्रांच्या देखभालीची कामं. काम संपलं की त्याच संध्याकाळी बिल जातं. मुदत ३० दिवस. निम्मा धंदा ज्या ग्राहकाकडून येतो, तो पैसे सोडतो ७५व्या दिवशी. पगार मात्र १ तारखेलाच. मधले ४५ दिवस मी त्याला बिनव्याजी उधार देतो आणि स्वतः ओव्हरड्राफ्टवर व्याज भरतो. यात माझा आळस कुठे आला?

खतावणी
निम्मा धंदा एकाच ग्राहकावर ठेवलात, चूक तिथेच झाली. आणि बिल "जातं" म्हणजे कुठे जातं? मी ११ वर्षं बिलं पास करायच्या टेबलावर काढली आहेत. पीओ नंबर, म्हणजे ग्राहकाच्या खरेदी ऑर्डरचा नंबर, चुकला की बिल बाजूच्या ट्रेमध्ये. कुणी कळवत नाही. महिन्याने तुम्ही विचारलंत की दुरुस्त बिल मागायचं, आणि मुदत पुन्हा पहिल्यापासून. आठव्या दिवशी फोन करून विचारा, "बिल सिस्टिममध्ये चढलं का?"

रात्रपाळी
करतो हो फोन! उत्तर ठरलेलं: "साहेब रजेवर आहेत, सही झाली की टाकतो."

दोन_टक्के
१० दिवसांत दिले तर २ टक्के सूट, नाहीतर ३० दिवसांत पूर्ण. माझे बरेच ग्राहक लवकर देतात.

खतावणी
२० दिवस आधी पैसे मिळावेत म्हणून २ टक्के सोडता. वर्षाच्या दराने ते ३७ टक्क्यांच्या आसपास जातं. ओव्हरड्राफ्ट परवडला.

दोन_टक्के
पगार ६ दिवस लांबला म्हणून माझा सगळ्यात चांगला माणूस सोडून गेला. दुसरा तयार करायला ८ महिने गेले. त्याचा वर्षाचा दर काढून द्या मला.

शिल्लक_शून्य
सूट ठेवलीच नसती तर बरं झालं असतं. एकाने ५२व्या दिवशी पैसे दिले आणि तरीही २ टक्के कापून घेतले.

दोन_टक्के
मग मागायचे ना उरलेले! घाबरता म्हणून कापतात.

शिल्लक_शून्य
तोंड सांभाळून बोला. त्या २ टक्क्यांपायी पुढचं काम गेलं असतं, तर तीन माणसांना घरी बसवावं लागलं असतं. घाबरतो मी, त्यांच्यासाठी.

आधी_अर्धे
सूट राहू द्या बाजूला. केलेली सेवा परत उचलून आणता येत नाही. ५० टक्के आगाऊ आल्याशिवाय मी हत्यारांची पेटी उघडत नाही.

रात्रपाळी
नवीन ग्राहकांना ते लावतो. जुना मोठा ग्राहक ऐकणार नाही. आणि खतावणी, आज त्याची जुनी बिलं काढून बसलो. १४ पैकी ३ बिलांवर मागच्या वर्षीचा पीओ नंबर होता. तेवढं माझं चुकलं. पण उरलेली ११ बिनचूक होती आणि तीही ७५ दिवसांनीच सुटली.

खतावणी
११ चं मान्य. तिथे तुमची चूक नाही.