मदत हवी आहे: एका लेथवर पाच पार्टांचा क्रम कसा लावावा?

बेळगावच्या उद्यमबागेतील आमच्या कारखान्यात एकाच सीएनसी लेथवर (संगणकाने चालणाऱ्या कातकामाच्या यंत्रावर) पंपाचे 5 प्रकारचे पार्ट होतात. पार्ट बदलताना जॉ (पार्ट पकडणारे जबडे) बदलून पहिला नग पास होईपर्यंत 2 तास जातात. व्यास सारखा असल्यास 40 मिनिटांत भागते. ज्याची तारीख जवळ तो पार्ट आधी, असे महिनाभर केले तेव्हा तारखा पाळल्या गेल्या, पण मशीन सेटिंगमध्येच अडकून पडले. सारख्या व्यासाचे पार्ट एकत्र घेतले, तर एका गिऱ्हाइकाचा माल आठवडाभर रखडला आणि बोलणी मात्र आम्ही खाल्ली. कास्टिंग (पार्टांसाठी लागणारा ओतीव कच्चा माल) सोमवारी व गुरुवारीच येते, दुसरी पाळी शक्य नाही, आणि महागडे सॉफ्टवेअर नको, एक्सेल चालेल. तेव्हा तारीख व सेटिंग यांचा मेळ घालून प्रत्येक पार्टाचा लॉट किती नगांचा धरावा आणि क्रम कोणत्या नियमाने ठरवावा?