मधुमेह, हृदयविकार, ठिसूळ हाडं आणि दातांचं इम्प्लांट : आपापले अनुभव सांगा

मागच्या आठवड्यात नणंदेचा फोन आला. वय ६६, खालच्या दोन दाढा गेलेल्या, वीस वर्षांचा मधुमेह. तिला इम्प्लांट हवं होतं, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर लावलेला कृत्रिम दात. तिला कुणीतरी ठामपणे सांगितलं होतं, "शुगरवाल्यांनी इम्प्लांटच्या वाटेला जाऊ नये." त्याच संध्याकाळी शेजारच्या काकूंना एका दवाखान्यातून उत्तर मिळालं, "काही होत नाही, परवा या, बसवून टाकू." काकूंनाही मधुमेह आहे. दोन्ही ऐकून जीव खालीवर झाला, कारण मी स्वतः या वाटेने गेले आहे आणि माझ्या अनुभवाने दोन्ही उत्तरं चुकीची आहेत.

माझं थोडक्यात सांगते. २००९ पासून मधुमेह. डावीकडची खालची दाढ काढावी लागली. ज्या डॉक्टरांकडे गेले त्यांनी तोंड बघायच्या आधी तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा रिपोर्ट (एचबीए१सी) मागितला. ९.२ आली होती. ते म्हणाले, "निदान आठच्या खाली, जमल्यास सातच्या जवळ आणा. तोवर हिरड्यांचं बघू." मी रजा टाकून गेले होते, खूप चिडले. पण पुढचे चार महिने त्यांनी फक्त हिरड्यांवर काम केलं. हिरडीतला जंतुसंसर्ग शुगर वाढवतो आणि वाढलेली शुगर हिरडी बिघडवते, हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं. आमच्या फिजिशियननी एक गोळी बदलली, रोजचं चालणं सुरू झालं आणि रिपोर्ट ७.१ वर आला.

आदल्या दिवशी मी उपाशी येऊ का म्हणून विचारलं. बरं झालं विचारलं. "मुळीच नाही. सकाळी दहाची वेळ दिली आहे ती त्याचसाठी. नाश्ता करा, नेहमीची गोळी घ्या आणि मगच या." खुर्चीत बसल्यावर बोटातून शुगर तपासली, मग काम सुरू. हाडात स्क्रू बसवल्यावर खालच्या जबड्याला एरवी तीनेक महिने थांबतात. माझ्यासाठी त्यांनी चार महिने घेतले आणि मगच त्यावर कॅप, म्हणजे दिसणारा दात, बसवली. आता तीन वर्षं झाली.

टायटॅनियमचा तो स्क्रू हाडात नुसता ठोकलेला नसतो. हाडाच्या पेशी त्याच्या पृष्ठभागाला येऊन चिकटतात आणि त्याला धरतात. स्वीडनचे पेर-इंगवार ब्रानेमार्क यांना १९५० च्या दशकात सशांच्या हाडावर संशोधन करताना हे आढळलं आणि १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाला असे दात बसवले. म्हणजे अर्धं काम डॉक्टर करतात आणि उरलेलं अर्धं आपलं शरीर करतं. म्हणून शरीरात काय चाललंय, कुठली औषधं चालू आहेत, हे आधी बघावं लागतं.

तुम्हाला कुठला आजार होता, आधी कोणत्या तपासण्या झाल्या, किती थांबावं लागलं आणि काय चुकलं, ते लिहा. चुकलेलं तर जरूर लिहा. डॉक्टरांची किंवा दवाखान्याची नावं नकोत.

*

कोल्हापूर, वय ५८

ताई, धागा काढलात, बरं केलंत. माझी गोष्ट घाबरवणारी आहे, पण सांगतो.

मला हृदयाच्या रक्तवाहिनीत औषध लावलेला स्टेंट (जाळीची नळी) बसवून पाच महिने झाले होते. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, दोन्ही चालू. पुढचा वरचा दात पडला होता, लोकांत बोलायची लाज वाटायची. दवाखान्यात फोन केला तर पलीकडून सांगितलं, "रक्त पातळ करायच्या गोळ्या पाच दिवस बंद करून या." डॉक्टर स्वतः फोनवर नव्हते. मी दोन दिवस बंद केल्या. तिसऱ्या दिवशी बायकोच्या लक्षात आलं, तिने परस्पर आमच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांचा आवाज मी आजही विसरलेलो नाही. "आत्ता, या क्षणी दोन्ही गोळ्या घ्या. दात थांबू शकतो."

नवीन स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये म्हणून त्या गोळ्या असतात. मध्येच बंद केल्या तर हार्ट ॲटॅक येऊ शकतो. दात काढताना किंवा इम्प्लांट बसवताना येणारं रक्त तोंडातलं असतं, ते दाबून, टाके घालून थांबवता येतं.

वर्ष पूर्ण झाल्यावर हृदयाच्या डॉक्टरांनी एक गोळी कमी केली आणि लेखी चिठ्ठी दिली. इम्प्लांट ॲस्पिरिन चालू ठेवूनच झालं. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड या रक्त थांबवणाऱ्या औषधात भिजवलेला कापूस दाताखाली दाबून धरायला दिला होता. संध्याकाळपर्यंत थुंकीत लालसर यायचं, रात्री थांबलं. गोळी बंद करायची की नाही हे ज्यांनी ती सुरू केली त्यांनाच विचारा. फोन उचलणाऱ्या माणसाच्या शब्दावर जाऊ नका.

*

सांगली (आईचा अनुभव)

आई ७१ वर्षांची. मणक्याचं फ्रॅक्चर झालं तेव्हापासून हाडांच्या ठिसूळपणासाठी वर्षातून एकदा सलाइनमधून झोलेड्रोनिक ॲसिड देतात. दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, "हाडांसाठी काही औषध चालू आहे का?" आई म्हणाली, "नाही." ती खोटं बोलली नाही. तिच्या लेखी औषध म्हणजे रोजच्या डब्यातली गोळी. वर्षातून एकदा दवाखान्यात जाऊन घ्यायचं सलाइन त्यात बसतच नाही.

मी सोबत होते आणि मलाही सुचलं नाही. घरी आल्यावर जुनी फाइल चाळताना तो कागद हाती लागला आणि पायाखालची जमीन सरकली. दुसऱ्या दिवशी फाइल घेऊन परत गेले.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. हाड सतत थोडं झिजतं आणि थोडं नव्याने भरतं. ही औषधं झिजणं थांबवतात, म्हणून मणका वाचतो. पण जबड्यात जखम झाली की ती भरून यायला हीच झीज-भर लागते. क्वचित एखाद्याची जखम भरतच नाही, हाड उघडं पडतं आणि आठ आठवड्यांनंतरही तसंच राहतं. हाडांच्या ठिसूळपणासाठी दिलेल्या मात्रेत हा धोका अगदी कमी असतो. कॅन्सर हाडात पसरलेल्या रुग्णांना हेच औषध जास्त वेळा देतात, त्यांच्यात तो बराच जास्त असतो आणि तिथे इम्प्लांट शक्यतो टाळतात.

म्हणजे आईला सरळ नकार नव्हता. तरी तिची एक हलणारी दाढ काढायचीच होती, ती आधी काढली आणि जखम कशी भरते ते पाहिलं. भरली, पण फार सावकाश. मग आम्ही सगळ्यांनी बसून कवळीवर समाधान मानलं. मला आठवडाभर वाईट वाटत होतं, तिला मऊ भाताऐवजी भाकरी खाता यावी म्हणून तर एवढा खटाटोप केला होता. आता ती भाकरी दुधात कुस्करून खाते. तिची तक्रार नाही. माझी आहे, पण निर्णय बरोबर होता असंच मला वाटतं.

*

नाशिक

सांगलीच्या ताईंना जोडून एकच. माझ्या मावशीला हाडांच्या ठिसूळपणासाठी दर सहा महिन्यांनी डेनोसुमॅबचं इंजेक्शन असतं. इम्प्लांटसाठी "हाड मोकळं व्हावं" म्हणून तिने मनानेच पुढचं इंजेक्शन चुकवलं. हे औषध लांबलं तर हाडाची झीज उलट जोरात सुरू होते आणि मणके खचू शकतात. तिचा एक मणका खचला. दात दूरच राहिले, तीन महिने पट्टा लावून होती. कृपया असं कुणी करू नका. इंजेक्शन आणि दातांचं काम यांची तारीख दोन्ही डॉक्टरांनी मिळून ठरवायची असते.

*

सातारा, वय ६३

माझं इम्प्लांट निघालं. कारण मला माहीत आहे.

तीस वर्षं तंबाखू-चुना, सकाळी मिशेरी. डॉक्टरांनी दोन महिने आधी सोडायला सांगितली. मी "सोडली" म्हणालो आणि सोडली नव्हती. सातव्या आठवड्यात वरच्या जबड्यातला स्क्रू जिभेला हलताना जाणवला. दुखत नव्हतं, म्हणून मी आणखी दहा दिवस घालवले. डॉक्टरांनी चिमट्यात धरून फिरवला, तसा हातात आला. रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "हाडाने धरलाच नाही." तंबाखूने तिथला रक्तपुरवठा कमी होतो, जखम भरत नाही.

आणखी एक सांगतो. बीपीसाठी मला ॲम्लोडिपिन होती आणि हिरड्या फुगल्या होत्या. ते या गोळीमुळे होऊ शकतं हे मला तेव्हाच कळलं. दातांच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, आमच्या डॉक्टरांनी गोळी बदलली, हिरड्या काही महिन्यांत उतरल्या. आता तंबाखू सोडून नऊ महिने झाले, खरोखर सोडून. पुन्हा विचारायला जाणार आहे.

*

न्यू जर्सी

आमच्यासारखे परदेशातले अनेक जण सुट्टीत येऊन इम्प्लांट करून घेतात, तिकिटाचे पैसे धरूनही स्वस्त पडतं. मी तीन आठवड्यांच्या रजेत "सगळं उरकून" जायचं ठरवून ठाण्यात आले होते. मला संधिवातासाठी स्टेरॉइड आणि मेथोट्रेक्सेट चालू आहे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की या फेरीत फक्त स्क्रू, कॅप पुढच्या फेरीत. वाईट वाटलं, पण मान्य केलं, आणि आज त्याबद्दल त्यांचे आभार मानते.

जाताना इम्प्लांटच्या पाकिटावरचं स्टिकर मागून घ्या. त्यावर कंपनी, लांबी-जाडी आणि लॉट नंबर असतो. इकडे माझ्या कॅपचा स्क्रू सैल झाला तेव्हा ते स्टिकर होतं म्हणूनच इथल्या डॉक्टरांना योग्य हत्यार मागवता आलं.

*

मुंबई (यजमानांचा अनुभव)

२०१७ मध्ये यजमानांचं तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, नंतर रेडिएशन. चार वर्षांनी इम्प्लांटचा विषय काढला. दातांच्या डॉक्टरांनी आधी रेडिएशनचा पूर्ण तपशील मागवला, जबड्याच्या कुठल्या भागाला किती ग्रे (रेडिएशनचं माप) मिळाले तो. खालच्या जबड्याला ६० ग्रे होते. ५० च्या वर गेलं की हाड सडण्याचा धोका खूप वाढतो आणि तो वर्षं उलटली म्हणून संपत नाही. त्यांनी नकार दिला.

त्या दिवशी गाडीत दोघंही गप्प होतो. पण एवढा तपशील मागवून, नकाशा समोर धरून कुणीतरी आम्हाला नाही म्हटलं, याचं मोल मला आहे.

*

डायलिसिसवर असलेल्या भावासाठी

डायलिसिसच्या दिवशी रक्त गोठू नये म्हणून हेपारिन दिलेलं असतं, म्हणून दाताचं काम दुसऱ्या दिवशी ठेवलं. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या बंद, फक्त पॅरासिटामॉल.

*

ठाणे, दंतवैद्य

सगळे अनुभव वाचले. दवाखान्यात येताना गोळ्यांच्या पट्ट्याच घेऊन या, नावं तोंडी सांगायला जाऊ नका. वर्षातून किंवा सहा महिन्यांतून एकदा घ्यायची इंजेक्शनं आठवून लिहून आणा. वॉर्फरिन किंवा असिट्रोम ही रक्त पातळ करणारी गोळी असेल तर एक-दोन दिवस आधीचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी) हवा. हृदयाची झडप बदललेली असेल तर तासभर आधी अँटिबायोटिक द्यावं लागतं, सहसा अमॉक्सिसिलिन २ ग्रॅम, म्हणून पेनिसिलिनची ॲलर्जी असल्यास आधीच सांगा. बीपी १८०/११० च्या वर असेल तर मी रुग्णाला परत पाठवतो. काही जण दुखावतात, मला ते चालतं.

*

सगळ्यांचे मनापासून आभार. सांगलीच्या ताई, तुमचा अनुभव मी नणंदेला मोठ्याने वाचून दाखवला. तिने लगेच कपाटातली जुनी फाइल काढली आणि आम्ही दोघींनी बसून औषधांची यादी केली. तीन महिन्यांची शुगर काल आली, ८.६. शेजारच्या काकूंनी परवाची वेळ रद्द केली, आता त्याही तपासणी करून घेणार आहेत. दोघी उद्यापासून सकाळी एकत्र चालायला जाणार म्हणतायत. पुढचा रिपोर्ट आला की इथेच लिहीन.