मदत हवी आहे: १७९५ च्या अमेरिकन अर्ध्या सेंटखाली जहाज दिसतंय का?

मंडळी, नमस्कार.

मी न्यू जर्सीत राहतो आणि बरीच वर्षं अमेरिकेचे जुने तांब्याचे मोठे सेंट जमवतो. मागच्या महिन्यात पहिल्यांदाच अर्धा सेंट घेतला, १७९५ चा. लिबर्टीच्या, म्हणजे स्वातंत्र्यदेवतेच्या, चेहऱ्यामागे टोपी आहे, पण ती टोपी अडकवलेली काठी नाही. कड साधी, वजन ५.४ ग्रॅम. त्याआधीचे जाड अर्धे सेंट ६.७४ ग्रॅमचे असत आणि त्यांच्या कडेवर अक्षरं असत, म्हणजे माझा नंतरच्या हलक्यांपैकी.

खरी गोष्ट मागच्या बाजूला आहे. भिंगातून पाहिलं तर पानांच्या वेलीखाली दोन-तीन तिरप्या, किंचित उठावदार रेघा दिसतात. मला त्या शिडाच्या दोरांसारख्या वाटतात.

तेव्हा फिलाडेल्फियाच्या टांकसाळीला तांब्याची फार टंचाई होती. म्हणून १७९५ मध्ये तिने 'टालबट, ॲलम अँड ली' या न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्यांची सुमारे ५२,००० टोकनं (व्यापाऱ्यांनी स्वतः काढलेली तांब्याची नाणी) विकत घेतली आणि ती कापून अर्ध्या सेंटच्या चकत्या केल्या. टोकनं बर्मिंगहॅममध्ये पाडलेली. एका बाजूला जहाज, दुसऱ्या बाजूला मालाच्या गठ्ठ्याजवळ उभी लिबर्टी. नवा ठसा मारताना जुनं चित्र पुरतं दबलं नाही, तर त्याचे अवशेष राहून जातात. ही पेढी भारताशी व्यापार करायची, हे वाचल्यापासून मला या नाण्याचा विशेष लळा लागलाय.

ओरखडा असता तर रेघ खोल गेली असती, एवढं मला कळतं. पण ठशालाच तडा गेला असेल तरीही नाण्यावर उठावदार रेघ येते ना? मग जुनं चित्र आणि तडा यांतला फरक कसा ओळखायचा? कुणाकडे असा अर्धा सेंट किंवा मूळ टोकन असेल, तर जहाजाच्या बाजूचा स्पष्ट फोटो टाकाल का? मी नाणं फिरवून फिरवून, वेगवेगळ्या कोनांतून ताडून बघेन.

दुसरं, कडेला एका जागी हिरवा कळंक आहे. आई म्हणते, ताम्हनाला लावतो तशी चिंच लाव. मी हातही लावू दिला नाही, कारण सव्वादोनशे वर्षांचा तपकिरी रंग एकदा गेला की परत येत नाही. पण कळंक तसाच ठेवला तर तांबं आणखी खाईल का? ॲसिटोन वापरलेल्यांनी कृपया अनुभव सांगा. तिरप्या उजेडात काढलेले फोटो उद्या सकाळी टाकतो.