ठासणीच्या बंदुकीला 300 यार्डांची दुर्बीण: हंगाम यासाठी मिळाला नव्हता

चकमकवाला_पेनसिल्व्हेनिया
परवा इथे एकाने लिहिलं की त्याने खास बनवून घेतलेली .45 इंची ठासणीची रायफल (दारू-गोळी तोंडातून ठासायची), काळ्या दारूऐवजी स्मोकलेस पावडरवर, म्हणजे हल्लीच्या काडतुसातल्या जोरदार दारूवर चालणारी, वर मोठी दुर्बीण, रेंजवर 300 यार्डांवर तीन गोळ्या दीड इंचात बसवल्या आणि आता हंगामात 300 पर्यंत हरीण सुटत नाही. खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. मला राहवलं नाही म्हणून लांब लिहितोय.

आमच्याकडे चकमकीच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने पेटणाऱ्या ठासणीच्या बंदुकीचा शिकारीचा वेगळा हंगाम 1974 पासून आहे, हल्ली नाताळच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो. तो वेगळा मिळाला कारण एकच बार, दुर्बिणीऐवजी उघडी माशी (नेम धरायचा नळीवरचा उंचवटा), आणि जनावराच्या जवळ जावं लागतं. 300 यार्ड मारायचे असतील तर साधी रायफल घ्या ना, तिचा हंगाम आहेच.

आता रेंजचं. माझी .50 ची, 42 इंची नळी, आतल्या खाचांचा 66 इंचात एक पीळ. बनवणाऱ्याने पुढची माशी मुद्दाम उंच ठेवून दिली, कारण ती आपल्या दारूला जुळवून आपण कानसायची असते. माशी कानसली की गोळी वर लागते, आणि जास्त कानसली गेली की परत जोडता येत नाही, म्हणून दोन हात कानस, एक बार, परत दोन हात. आधी 25 यार्ड, मग 50. .490 ची शिशाची गोळी, खाली गादीच्या खोळीच्या कापडाची चिंधी, 70 ग्रेन काळी दारू (15 ग्रेन म्हणजे जवळपास एक ग्रॅम). प्रत्येक बारानंतर पुढे जाऊन गवतातून चिंधी शोधून आणायची. जळालेली निघाली तर चिंधी पातळ पडतेय किंवा दारू जास्त होतेय, कापल्यासारखी निघाली तर नळीच्या तोंडाशी धार राहिलीय. दोन शनिवार आणि साठाच्या वर बार गेले आणि शेवटी मी स्वतःला 75 यार्डांची रेघ आखली, कारण ही गोळी नळीतून सेकंदाला 1,800 फुटांच्या आसपास निघते आणि 100 यार्डांवर जेमतेम हजार-अकराशे उरतात.

शिकारीत मोजायची ती पहिली गोळी, थंड नळीतली. तापल्या नळीतल्या तीन गोळ्यांचा ग्रुप दाखवून काय सिद्ध होतं?

नळी45
तो मीच. आणि तापलेली नळी हे तुम्ही मनाने ठरवलंत. दोन बारांत दहा-दहा मिनिटं थांबलोय, प्रत्येक बारानंतर नळी पुसलीय. दारू मापाने नाही तर काट्यावर तोललीय, क्रोनोग्राफवर, म्हणजे वेग मोजायच्या यंत्रावर, सगळ्या बारांत जास्तीत जास्त सेकंदाला 14 फुटांचा फरक. मी जिथे शिकार करतो तिथे हे सगळं नियमात बसतं. कोलोरॅडोला नको होतं तर त्यांनी ठासणीच्या हंगामात दुर्बीणही बंद केली आणि सॅबोही (बारीक गोळीभोवतीचं प्लॅस्टिकचं टोपण), प्रश्न मिटला. न्यू जर्सीत तर हरणासाठी साधी रायफल चालतच नाही, ठासणीची चालते, मग तिथल्या माणसाने चांगली बनवून घ्यायची नाही का? आणि तुमची चकमक पावसात फुस्स झाली, चाप ओढल्यावर बार उशिरा निघाला आणि हरणाच्या पोटात गोळी गेली, ते पाप कुणाचं?

नवशिका_न्यूजर्सी
45 भाऊ, स्मोकलेस किती ग्रेन टाकता? माझ्याकडे साधी इनलाइन आहे, ठासणीचीच पण नव्या धाटणीची, ठिणगी नळीच्या सरळ मागून पडते ती.

नळी45
नाही सांगणार. आणि साध्या इनलाइनमध्ये स्मोकलेस अजिबात टाकू नका, नळी फुटेल. सॅव्हेजची 10एमएल सोडली तर कारखान्यातून त्यासाठी बनून आलेल्या फारच थोड्या, माझी नळी आणि बोल्ट मुळातच त्या दाबासाठी केलेत. काळ्या दारूच्या जागी चालणारी ब्लॅकहॉर्न 209 वापरा, आणि त्यातही माप आणि वजन यात घोळ करू नका, मापाने 80 ग्रेन म्हणजे काट्यावर 56 च्या आसपास.

चकमकवाला_पेनसिल्व्हेनिया
बघा! हेच म्हणत होतो. तुमची पोस्ट वाचून हा पोरगा घरी काय करणार होता? ही ताकीद पहिल्या ओळीत हवी होती.

नळी45
बरं, टाकतो वर. तेवढं मान्य.

वैभववाडीचा_काजूवाला
तुमची दुर्बीण राहू दे बाजूला. आमच्या घरात आजोबांची ठासणीची आहे, पीक संरक्षणाच्या परवान्यावर. निवडणूक आली की नेऊन जमा करा. लोकसभा, विधानसभा, मग जिल्हा परिषद. नेमका काजूचा मोहोर असतो आणि बंदूक चौकीत पडलेली. माकडांवर बार टाकायचा नाहीच, फक्त आवाज काढायचा, तोही नाही. केळी, नारळ, फणस, काही ठेवत नाहीत. डुकरांनी एका रात्रीत भात झोपवलं माझं. मी काय त्यांना आचारसंहिता वाचून दाखवू?

पुण्याची_मंजिरी
काजूवाले, त्याच बंदुका रात्री रानात नेल्या जातात हेही लिहा. 1972 पासून वन्यजीव संरक्षणाचा कायदा आहे. माझ्या आत्तेभावाचा शेजारी झुडपात बसला होता, डुक्कर समजून सोबत्यानेच मारला. दोन लहान मुलं होती त्याला. बंदुका जमा होतात ते बरंच आहे.

वैभववाडीचा_काजूवाला
दहा माणसं रात्री चुकली म्हणून दिवसा बागेत उभा राहणारा मी गुन्हेगार? तुम्ही या एक महिना इथे, मग बोला. बाजारातून काजूगर आणताना भाव फक्त विचारता.

पुण्याची_मंजिरी
मी तुम्हाला गुन्हेगार म्हटलं नाही. पण त्या बाईला नवरा परत मिळाला नाही, आणि ज्याने चाप ओढला तोही परवानेवालाच होता. माहेर माझं राजापूरचं, माकडं मलाही माहीत आहेत.

चकमकवाला_पेनसिल्व्हेनिया
मंजिरीताईंचा मुद्दा इथेही लागू आहे. 300 यार्डांवर गोळी पोचायला 0.4 सेकंद लागतात, तेवढ्यात हरीण पाऊल टाकतं. आणि त्याच्या मागे झाडीत कोण उभं आहे ते दुर्बिणीतही दिसत नाही.

नळी45
मागे काय आहे ते बघितल्याशिवाय मी कधी चाप ओढलेला नाही, उलटं गृहीत धरायचं नाही. पण हरणाच्या पावलाचं बरोबर आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पुढचे पाच शनिवार सकाळी रेंजवर जाऊन थंड, पुसलेल्या नळीतून एकच बार टाकतो, बाकावरून नाही, काठीच्या टेकूवर. पाचही एकाच कागदावर, त्याचा फोटो टाकतो. आठ इंचांच्या वर्तुळाबाहेर एक जरी गेली तरी 200 वर येईन.

चकमकवाला_पेनसिल्व्हेनिया
पाचही आत आल्या तरी हंगामाबद्दलचं मत बदलणार नाही. पण फोटो बघेन. ठासायच्या गजावर खूण केलीय का?

नवशिका_न्यूजर्सी
कसली खूण?

वैभववाडीचा_काजूवाला
ती मी सांगतो. आजोबांच्या गजावर दोन खाचा आहेत. नळी रिकामी असली की गज वरच्या खाचेपर्यंत आत जातो, बार भरलेला असला की खालच्याच. आधी त्या नव्हत्या. माझ्या चुलत्याने सकाळी बार भरला, पाऊस आला म्हणून बंदूक वळचणीला ठेवली, संध्याकाळी विसरून परत दारू ओतून ठासला. नळी मागून फाटली. अंगठा गेला, डाव्या कानाने शेवटपर्यंत ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवशी आजोबांनी कानस घेतली आणि खाचा मारल्या. आधी गज घालून बघ पोरा, मग दारू.